शोभाची हरकत

श्रूजबरी, इंग्लंड, ऑक्टोबर २००६

प्रिय शोभा,

क्वेकर सभेतली खिडकीजवळची तुझी जागा उन्हाळ्यापासून रिक्त आहे, आणि त्या रितेपणाचे संपूर्ण कर्तृत्व प्रस्तुत महापंडिताचे आहे, हे प्रांजळपणे नमूद करूनच पत्रारंभ करतो.

नगरच्या ख्रिस्ती घरातली तू. माझ्यासारख्या संध्याहीन ब्राह्मणाला क्वेकर ख्रिस्तींच्या या मौनसभेत तूच आणलेस. पुरोहित नाही, प्रवचन नाही. ज्याला अंतःप्रेरणा होईल त्याने उठून बोलावे. मला ती अंमळ वारंवार होऊ लागली. शैलजेच्या मते, घरी विचारले तर हूं की चूं न करणारा नवरा मौनातच वाचाळ होतो. परमेश्वर नामरूपातीत आहे, ‘नेति नेति’ हेच त्याचे अंतिम वर्णन, असे मी इंग्रजीत घोळवून सांगितले आणि ती सज्जन मंडळी सद्गदित झाली. त्यांच्यातल्या येशूच्या नावाने आधीच अवघडलेल्यांना पौर्वात्य प्रमाणपत्र लाभले! लवकरच प्रस्ताव आला: स्वागतपत्रकातून ‘ख्रिस्त’ गाळावा, ‘अंतःप्रकाश’ तेवढा ठेवावा.

तू हळूच म्हणालीस, “प्रल्हाद, माझ्या आजोबांनी या नावासाठी घर सोडलं रे.” त्यावर मी सर्वांना ऐकू जाईल असे म्हणालो, की नाव गाळल्याने रुसायला देव म्हणजे काही लग्नपत्रिकेतला मामा नव्हे. सगळे हसले. तू कोट उचललास.

गेल्या रविवारी निर्णय व्हायचा होता. आपल्याकडे मतदान नसते; एकाचीही मनःपूर्वक हरकत असेल तर सभा थांबते. मी उठलो, हरकत घेतली. सभा चालवणाऱ्या रूथबाईंनी मृदुपणे विचारले, ही तुझ्या अंतःकरणाची हरकत आहे का? जन्मात प्रथमच मला एकही समास सुचला नाही. म्हणालो, नाही, शोभाची आहे. त्या म्हणाल्या, दुसऱ्याच्या वतीने हरकत घेता येत नाही. परतताना गाडीत आमची इला म्हणाली, “बाबा, दॅट वॉज सो लेम. पण शोभामावशीला सांग.”

म्हणून सांगतो आहे. तरीही रूथबाईंनी विषय पुढच्या महिन्यावर ढकलला आहे. माझी ख्रिस्तावर श्रद्धा नाही, आणि ती असल्याचे सोंग आणून तुझा आणखी एक अपमान करणार नाही. परंतु ते नाव राहावे की जावे, हे तू खोलीत नसताना ठरू नये. नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी ये आणि माझ्या विरोधात उभी राहा. तू बोलशील तेव्हा मी गप्प बसेन, आणि त्या गप्प बसण्यात या खेपेस कोणतेही तत्त्वज्ञान नसेल.

तुझाच अपराधी,
प्रल्हाद