नळीतलं रक्त

मोलगी, ७ नोव्हेंबर १९५८
आले बाई एकदाची! जीपने हाडं खिळखिळी केली, पण दवाखान्यामागची खोली बघून जीव खूश झाला. खिडकीतून बाजाराचा माळ दिसतो, डोंगर दिसतात. मी इथली नवी नर्सबाई, आणि पोटातल्याचा पाचवा सरत आलाय. आधीची दोन्ही सहाव्यात गेली. तपासणीत माझ्या रक्तात गरमीचा रोग निघाला म्हणून ह्यांनी घराबाहेर काढलं. स्वतःचं रक्त मात्र स्वच्छ! मी कुणाचं काय वाकडं केलं होतं? जाऊ दे. हे एक जगलं की माझं म्हणून माणूस असेल.

१९ नोव्हेंबर
बायका येतात, औषध घेतात, आपसात त्यांच्या पावरी बोलीत बोलत निघून जातात. मला ओ की ठो कळत नाही. बोलायला एकटा कंपाउंडर धुडकू, नंदुरबारकडचा, आणि तो मुलखाचा घुम्या. आज मी चुलीशीच भांडले. डावी पोटरी सुजलीय.

२ डिसेंबर
तालुक्याचे डॉक्टर फेरीवर आले. माझं रक्त काचेच्या नळीत काढून ठेवलं. त्यांचं जेवण झालं, बाजार उठला, तरी ते पातळच! धुडकू घाबरून म्हणाला, "बाई, हाई रगत ते गोठीच नही ऱ्हायनं."
डॉक्टर म्हणाले, बाळंतपणात रक्त थांबायचं नाही, मूल जाईल आणि तुम्हीही. रक्त गोठायची इंजेक्शनं दिलीत. अंथरुणावरून हलायचं नाही. माझी मीच टोचून घेते. पोरासाठी काय वाट्टेल ते.

११ डिसेंबर
पायाचा खांब झालाय. मांड्यांवर जांभळी जाळी. बोटांची टोकं काळी पडलीत — पुन्हा रक्त काढून पाहिलं. पातळच. मग आत हे काय घट्ट होतंय? काचेत वाहतं आणि माझ्यात — देवा, माझ्यातच गोठतंय! इंजेक्शनं फेकली. धुडकूला डॉक्टरांकडे पिटाळलं.

१३ डिसेंबर
धुडकू अजून नाही. श्वास घेतला की छातीत कळ. पोर हलतंय. गुणाचं गं माझं.

१४
उजवा हात गेला — डाव्याने लिहिते. दारात बायका आल्यात. हाक मारली — आवाज निघतो, शब्द नाही. त्या हसल्या. त्यांना वाटलं, मी त्यांची बोली बोलून बघतेय — गेल्या —

सातवा लागला. लाथा मारतंय. जिवंत आहे, कुणीतरी ह्याला