गढीतली जागा

दादा,

आपल्या गढीच्या वास्तुशांतीला मी आईला मुद्दाम लवकर घेऊन आले होते. बुरुजात तू बेडरूम केलीस, दारूकोठारात होम थिएटर, तटाला लागून पोहायचा तलाव. पाहुण्यांना हौसेनं सगळं दाखवत होतास. आईनं मागून हळूच विचारलं, "माझी खोली कंची रं?"

तू हसून म्हणालास, "तुला इथले जिने झेपायचे नाहीत. पुनमकडे कुरुळीत बरी आहेस तू."

आमच्या दोन खोल्यांत तिचं मला ओझं नाही. पण अण्णा गेल्यावर ती गढी तिनं एकटीनं राखली. दुरुस्तीपुरतं म्हणून तू तिला बाहेर काढलंस आणि तिनं विश्वास ठेवला.

काल तुझा फोन आला. दिवाणखान्याला जुना लूक हवा, म्हणून आईचा नथ घातलेला नऊवारीतला फोटो पाठव, म्हणालास. मी नाहीच म्हणणार होते. आई म्हणाली, "दे त्याला. माझा फोटू तरी ऱ्हाईल तिथं."

फोटो पाठवला. हे पत्र मात्र ती पाठवू देत नाही. "पोराला लागंल," म्हणते.

'तुझी' लिहायला हात धजत नाही.

पुनम