माळावरचं स्वागत

बोरी,
६ जानेवारी २०२५

चि. भागवत यास अक्काचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

फोनवर बोललं की घरभर ऐकू जातं, म्हणून हे पत्र. तुमच्या कचेरीनं आराखड्यात आपला गायरान माळ कारखान्यांसाठी दाखवलाय. मी हरकत घेतली, साहेब माळ बघून गेले, आणि आता अहवाल आलाय की वन्यप्राणी आढळले नाहीत. अरे, लहानपणी गुरं राखताना तूच मला तिथं काळविटांचा कळप दाखवायचास! शेजारची सुमनबाई सगळ्यांदेखत म्हणाली, की भाऊच नकाशा काढायला बसल्यावर बहिणीचं कोण ऐकणार. खरं सांग, कोणी तुला गप्प बसवलं का?

वैष्णवीसाठी तिळाचे लाडू करणार आहे. तिच्या बापाला मात्र उत्तर आल्याशिवाय नाहीत.

लोभ आहेच, तो टिकेल असं उत्तर लिही.

तुझी अक्का,
मनकर्णा

परभणी,
१० जानेवारी

ती. अक्कास भागवतचा शि. सा. न. वि. वि.

पत्र वाचून लय वाईट वाटलं, मग रागही आला. बहिणीची हरकत म्हणून पाहणीतून मला मुद्दाम बाजूला ठेवलं होतं. फोटो मात्र पाहिले. माळावर मांडव, हलगी, भोंगा, साहेबांना फेटे, आणि औक्षणाचं ताट घेऊन सगळ्यांत पुढं तू! हलगीच्या कडकडाटात हरीण उभं राहतं का?

पाहुण्याला वाजतगाजत आणायची आपली रीत मला ठाऊक आहे. पण आदल्या दिवशी मी व्यंकटराव दाजींना फोन करून बजावलं होतं, की साहेब सकाळी पायी येतील, गाजावाजा करू नका. त्यांनी तुला सांगितलं नाही? मग हलगी कोणी बोलावली?

सुनावणीच्या आधी फेरपाहणी मागता येते. अर्ज कर.

लाडवांवरचा हक्क शाबूत ठेवावा, ही विनंती.

तुझा भागवत

बोरी,
१५ जानेवारी

चि. भागवत यास अनेक आशीर्वाद.

लाडू पाठवलेत. तुझ्यावर शक घेतला, माझं चुकलं.

काल संक्रांतीचं जेवण वाढताना यांना विचारलं. आधी म्हणाले, फोन आलाच न्हाई. मग म्हणाले, साहेबाला मुक्यानं आणायचं का, गावाची काही इज्जत हाय का न्हाई. शेवटी ताट बाजूला सारून म्हणाले, की दरसाल आपला हरभरा हरणं खातात अन् राखण करून मी मरतो, कळप गेला तर बरंच. हलगी यांनीच बोलावली होती. औक्षणाचं ताटही माझ्या हाती यांनीच दिलं. एरवी चारचौघांत मला कधी पुढं करत नाहीत; त्या दिवशी केलं, तर मी वेडी फुलून गेले होते.

हरभरा खातात हे खोटं नाही. पण माळ गेल्यावर कळप जाणार कुठं? आपल्याच शेतात येणार, कायमचा. एवढं यांना कळत नाही, आणि मी सांगितलं तर ऐकत नाहीत.

फेरपाहणीचा अर्ज सोबत आहे. सही माझी एकटीची.

लोभ ठेव, आणि पाहणीची तारीख या घरात कुणालाही कळवू नकोस. मी विचारली, तरी मलाही सांगू नकोस.

तुझी अक्का