आईच्या ओसरीपर्यंत

प्रायवितू, सुंबा बेट, इंडोनेशिया
४ ऑगस्ट १९७६

चि. रांबू लिकास,
थोरल्या भावाचे अनेक आशीर्वाद वि. वि.

घर नव्या गवताने शाकारायला घेतलंय. आईला आता जवळजवळ दिसत नाही. बाईमाणसाची पावलं वाजली की लिका आली का, असं विचारते.

शाकारणी झाली की घरच्या लेकींनी मारापूंपुढे, आपल्या पूर्वजांपुढे, पानसुपारी ठेवायची. ठेवणार नसशील तर उंबरा ओलांडू नकोस, असं काकांनी बजावलंय. एका पानाने तुझा येशू रुसणार आहे का? लहानपणी माझं रताळं खाऊन तोंड पुसायचीस, तेव्हा कुठे गेला होता हा खरेपणा? ये बाई.

रागावलीस तरी माया आटू देऊ नकोस.
तुझा,
उंबू रेतांग

वाइंगापू
११ ऑगस्ट १९७६

प्रिय दादास,
धाकटीचा सप्रेम सलाम वि. वि.

रताळ्याचं कबूल. पत्र वाचताना ओल्या गवताचा वास आला आणि मी शाळेच्या पायरीवर रडत बसले.

दादा, माझं बाळ तापलं तेव्हा कोणता पूर्वज कोपला हे आतड्यांत शोधण्यात आपण कोंबड्यांवर कोंबड्या कापल्या. बाळ गेलं, भीती मात्र उरली. आता मी एकालाच हाक मारते आणि शांत झोपते. हा आनंद दोघा देवांत वाटून टाकता येत नाही रे. त्यातलं एक पानही दुसऱ्या कुणापुढे ठेवता येत नाही.

मी येईन. पान ठेवणार नाही. ओसरीवर बसेन. आईला सांग.

आठवण असू द्यावी, एवढंच मागते.
तुझी,
लिका

प्रायवितू
२ सप्टेंबर १९७६

चि. लिकास,
अनेक आशीर्वाद वि. वि.

वाइंगापूला नीट पोचलीस ना? तू ओसरीवर येशूचं गाणं गात होतीस तेव्हा आत काका मंत्र म्हणत होते. आई मधेच उठली आणि भिंत चाचपत बाहेर निघाली. काका ओरडले. ती म्हणाली, घरात पूर्वज पुष्कळ आहेत, त्यांना सोबत आहे, माझी लेक एकटी बसलीय. मग तुझ्या मांडीवर डोकं ठेवून झोपली, ते तू पाहिलंसच.

काका अजून धुमसताहेत. दार तुला बंदच आहे. मीही पान ठेवतो, ठेवत राहीन.

पण आई रोज संध्याकाळी ओसरीवर येऊन बसते आणि तुझं गाणं गुणगुणते. चाल बरोबर येते, शब्द येत नाहीत, म्हणून चिडते. शब्द लिहून पाठव. मी गाणार नाही. तिला वाचून दाखवीन.

वाट पाहतो.
तुझा,
दादा