मागून धरलेली पकड

प्रिय राणीसरकार,

मी ठणठणीत आहे. आई औषधं वेळेवर घेते ना?

रात्रपाळीहून येताना तुला भीती वाटायची, म्हणून स्वसंरक्षणाचे डाव शिक असं मीच म्हणालो होतो. कबूल! पण सरावाला जोडीदार म्हणून डाव शिकवणारे मास्तरच कशाला? घरात माझी ताई आहे की, चांगली दणकट!

तुझं पत्र समोर ठेवून मी इथं माझ्या खोलीत राहणाऱ्या आचाऱ्याला म्हटलं, मला मागून धर. त्यानं धरलं ते सोडेचना. मान अवघडली. हसू नकोस.

मास्तर मागून कंबर कशी धरतात, ते तू अगदी सविस्तर लिहिलंस. सुटायला तुला किती वेळ लागतो, ते मात्र लिहिलं नाहीस.

फक्त तुझाच,
मान वाकडी झालेला नवरा