डाव्या बाजूने बिघडलेला डबा

३ जून, मंगळवार

डबा आला! जावयाने आणला. काळा कुळकुळीत, पुढे एक निळा दिवा. ठमीच्या वाढदिवसासाठी म्हणे. नात दहा वर्षांची झाली तर सायकल आणा, पुस्तकं आणा — नाही, टीव्हीला जोडायचा खेळाचा डबा! आणि तो मांडायला माझी खुर्ची हलवली. मला कोणी विचारलं? लेक म्हणते, "बाबा, फक्त दोन हात पुढे सरकवलीय." आता टीव्हीत नाक खुपसून बातम्या बघतोय.

४ जून, बुधवार

जोडणीचा सोहळा. जावई टीव्हीमागे डोकं घालून तासभर. वायरी तीन, भोकं सात. मग डब्याने आमची भाषा विचारली, देश विचारला, इंटरनेटचा पासवर्ड विचारला. एवढी चौकशी करून म्हणतो — अपडेट! तीन तास! नवी कोरी वस्तू, आणि घरात पाऊल टाकताच दुरुस्ती? अशी गाडी मला कोणी दिली असती तर दारातूनच परत पाठवली असती.

जावई लाडात येऊन म्हणाला, "बाबा, शर्यतीचा खेळ आहे. तुम्ही तर मुरलेले ड्रायव्हर. तुमचंही खातं उघडू." मला काय हौस! पण ठमी हात ओढायला लागली. जन्मसाल एकेक करत मागे न्यायचं. एकसष्ट वेळा बटण दाबलं, अंगठा सुजला. वर अटी. मान्य, मान्य, मान्य. लग्नात इतक्यांदा हो म्हणालो नव्हतो.

५ जून, गुरुवार

दिवसच वाईट. शाळेच्या फाटकातून बस काढताना डावा आरसा खांबाला लागून फुटला. रंगकाम करताना खांब पुढे घेतलाय, दुसरं काय! बसमधल्या मदतनीस बाई तोंडातल्या तोंडात म्हणाल्या, "महिन्यात दुसरा आरसा, काका." मी ऐकलं नाही असं दाखवलं.

या बाईंचं ओरडणं हा वेगळाच ताप. सहाव्या थांब्यावर एक बुटकी मुलगी रोज उशिरा धावत येते. ती आली की बाई किंचाळल्याच — "थांबा, थांबा! पोर येतेय!" अहो, मी काय आंधळा आहे? चौतीस वर्षं झाली, एक अपघात नाही! डोळ्यांच्या मागच्या तपासणीत तक्त्यावरची शेवटची ओळ घडाघडा वाचली होती. डॉक्टर म्हणाला, "वा, आजोबा."

७ जून, शनिवार

पहिली शर्यत. लाल दिवा लागला, मी थांबलो. बाकीचे सगळे सुसाट! ठमी लोळून लोळून हसली. वळायच्या आधी इशारा द्यायचं बटण शोधलं, तर ते नाहीच. हा खेळ बनवणाऱ्याला परवाना कोणी दिला?

आणि चौकात धडाम! डावीकडून ट्रक. आधी काही नाही, एकदम अंगावर. वर हातातला रिमोटही थरथरतो, लेकाचा! ठमी म्हणे, "आजोबा, कधीचा येत होता तो!" सहा वेळा खेळलो, सहाही वेळा डावीकडूनच धडक. डबा डावीकडचं चित्र उशिरा दाखवतोय. नवा माल आणि हा कारभार!

८ जून, रविवार

डबा पिशवीत घालून दुकानात गेलो. दुकानदाराने तिथल्या टीव्हीला लावून स्वतः खेळून दाखवला. "काका, कुठे बिघडलाय?" ट्रकला वळसा घालून गेला पठ्ठ्या! सराईत असणार. मी आवाज चढवला. लोक जमले. शेवटी बदलून दिला, पण कपाळावर आठ्या घालून.

१० जून, मंगळवार

नवा डबाही तसलाच!!

११ जून, बुधवार

आज माझं चुकलं. ठमी शेजारी बसून सांगत होती — "ट्रक आला, आजोबा, बघा ना." मी म्हणालो, "थापा मारतेस, माझी फजिती बघायचीय तुला." ती म्हणाली, "दिसतोय की एवढा मोठा." मी ओरडलो. फार ओरडलो. पोरगी रडत आत गेली. लेक म्हणाली, "बाबा, खेळ आहे तो." आग लागो त्या डब्याला.

१२ जून, गुरुवार

संध्याकाळी ठमीसाठी चॉकलेट आणलं. रुसवा काढायचा होता. खुर्चीत बसून हाका मारल्या. "ठमे, कुठे दडलीस? बोलायचं नाही का आजोबाशी?" परत हाक मारली. मग अगदी कानाशी आवाज आला, घाबरल्यासारखा —

"आजोबा, मी इथेच उभी आहे. तुम्ही बसलात तेव्हापासून."

मान पूर्ण वळवली तेव्हा दिसली. डाव्या हाताशी. पिवळा फ्रॉक, हात पुढे केलेला.

टीव्ही बंद होता. डबाही बंद होता.

तिला म्हणालो, तिथेच थांब. समोर बघत बसलो. पिवळा फ्रॉक गेला. मान वळवली, आला. चार वेळा करून पाहिलं. चॉकलेट तिच्या हातात दिलं आणि मला रडू फुटलं. चौतीस मुलं बसतात माझ्या गाडीत. सगळी डाव्या दाराने चढतात.

१३ जून, शुक्रवार

पहाटेच जावयाला सांगितलं. तो डॉक्टरची वेळ घेतोय. लेकीने सुट्टी घेतली, ठमीलाही घ्यायला लावली. मग ठमीला घेऊन शाळेत गेलो, बसच्या किल्ल्या परत दिल्या. मदतनीस बाईंना डाव्या बाजूचं सांगितलं आणि म्हणालो, नव्या ड्रायव्हरलाही सहाव्या थांब्यावर ओरडून सांगत जा. त्या म्हणाल्या, "काका, मला वाटायचं तुम्ही मुद्दाम लक्ष देत नाही."

चालत घरी आलो. ठमी डावीकडून चालत होती, प्रत्येक खांब मोठ्याने सांगत.