आईने लगाम दातांत धरला

ती. ताईस,

साष्टांग नमस्कार. (सध्या सातच अंगांनी. आठव्याची हकिगत पुढे येते आहे.) तुझे गुडघे काय म्हणतात? भावोजींचा खोकला गेला का? इकडे आई ठणठणीत आहे, आणि सगळा घोळ त्यामुळेच झालेला आहे.

तू लिहिलंस, की आईला चार शब्द सुनाव, ते घोड्याचं खूळ डोक्यातून काढ आणि घर आवरून तिला कायमची माझ्याकडे पाठव. अगं, अडुसष्टाव्या वर्षी घोडेस्वारी शिकायला निघालेल्या बाईला सुनवायचं म्हणजे काय तोंडचा खेळ आहे? तरी सुट्टीच्या दिवशी गेलो मैदानावर. वाटेत भाषण जुळवलं होतं. पण बाबांची जुनी पँट घातलेली आपली आई रिकिबीत पाय टाकून अशी काही वर चढली, की 'वयाचा विचार कर' हा मुद्दा मी जागच्या जागी गिळला. वरून म्हणाली, "बोलायचंय ना? मग तूही बस एकावर. मला सारखी मान खाली घालून बोलता येत नाही."

मला दिला तो सगळ्यांत गरीब घोडा, 'आजोबा'. बसण्याआधी मी त्याच्या तोंडात डोकावलो. (दातांच्या डॉक्टरला हा मोह आवरत नाही, तोंड कुणाचंही असो.) पुढे दात, मागे दाढा आणि मध्ये चांगली रुंद मोकळी हिरडी. लगामाची लोखंडी दांडी तिथे बसते. ओढली की हिरडीला बोचते आणि एवढं धूड मुकाट वळतं. ताई, मला एकदम आपले इंग्रजीचे सर आठवले. 'लगामाची दांडी दातांत धरणे, म्हणजे कुणालाही न जुमानता आपल्या मर्जीने वागणे' हा इंग्रजांचा वाक्प्रचार त्यांनी आपल्याकडून पाठ करून घेतला होता. असं का म्हणतात ते त्यांनी सांगितलं नाही आणि आपणही विचारलं नाही. आता कळलं. घोड्याने दांडी मागे सारून दाढांत पकडली, की हिरडीला काही लागतच नाही. मग मालक मागे लोंबकळतो आणि घोडा त्याला हवं तिकडे जातो. हे मी वर बसून आईला उत्साहाने समजावत होतो, तोच आजोबांनी ते करून दाखवलं.

माझी पाचावर धारण बसली. मी ओढतोय, ते पळतायत आणि समोरून कुंपण येतंय. तेवढ्यात मागून आई आली. घोड्याच्या मानेवर वाकलेली, केस सुटलेले, तोंडावर भीतीचा लवलेश नाही. मी ओरडायचं विसरून बघतच राहिलो. इतकी सुंदर दिसत होती गं ती! जन्मभर जिला मी 'जरा सावकाश चाल' म्हणत आलो, ती हीच का, हे मला अजून उमगलेलं नाही.

शेजारी येऊन म्हणाली, "ओढू नकोस! तू ओढतोस म्हणून तो धरून बसलाय. सोड!"

मी सोडलं. आजोबांनी दाढा सैल केल्या, वेग कमी केला आणि शहाण्यासारखे उभे राहिले. मग मी पडलो. (थांबलेल्या घोड्यावरून पडणारा मी पहिलाच, असं तिथले मास्तर म्हणाले.) उजवा हात प्लॅस्टरमध्ये आहे, दवाखान्याला कुलूप आहे आणि आई मैदानावरून आली की मला भरवते.

तुझा,
धाकटा

ता. क. हात असा असल्यामुळे पत्र मी सांगतो आहे आणि आई लिहिते आहे. अक्षरावरून ओळखलं असशीलच.

ता. ता. क. तो औषध घेऊन आडवा झालाय, तेव्हा हे माझं. 'सुंदर' हे त्यानेच सांगितलं, मी दोनदा विचारून घेतलं. शेवटी 'ताई, तू ये आणि हिला घेऊन जा' असंही म्हणाला. ते मी वर पत्रात लिहिलेलं नाही. मी घर आवरणार नाही आणि तुझ्याकडे राहायला येणार नाही. पण तू ये. हा हल्ली हात गळ्यात बांधून कधीमधी माझ्यासोबत मैदानावर येतो खरा, पण मी घोडा पळवला की डोळे गच्च मिटून घेतो. माझ्या माणसांपैकी कुणीतरी मला नीट बघावं, असं फार वाटतं गं.